पुरस्कृत

काही वर्षांपूर्वी एका मराठी कादंबरीच्या हिंदी अनुवादाचे हस्तलिखित माझ्याकडे तपासायला आले होते. अनुवादक तरुण होता, मातृभाषा हिंदी, मराठी त्याने हौसेने शिकलेली. कादंबरीत जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे एक प्रकरण होते आणि त्यात एक ‘पक्षपुरस्कृत अपक्ष उमेदवार’ होता. अनुवादकाने शब्द तसाच उचलला होता: पुरस्कृत. ते वाक्य तसेच छापले गेले असते तर हिंदी वाचकाची समजूत झाली असती, की या अपक्ष गृहस्थांना पक्षाने एखादे पारितोषिक दिलेले दिसते. तिथे ‘समर्थित’ हवे होते. आम्ही दोघेही हसलो, दुरुस्ती केली आणि पुढच्या पानावर गेलो. तो शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

मराठीत ‘पुरस्कृत’ या एका शब्दाच्या घरात दोन माणसे राहतात. ज्याला पुरस्कार मिळाला आहे तो एक. आणि ज्याच्या पाठीशी कोणीतरी उभे आहे, ज्याचा खर्च कोणीतरी उचलला आहे तो दुसरा. ‘अकादमी पुरस्कृत कवी’ आणि ‘अमुक बँक पुरस्कृत व्याख्यानमाला’ ही दोन्ही रूपे आपण एकाच दिवशी, एकाच वर्तमानपत्रात वाचतो आणि आपला गोंधळ होत नाही. हिंदीने यातले दुसरे काम ‘प्रायोजित’कडे सोपवले. मराठीतही ‘प्रायोजित’ आला, पण ‘पुरस्कृत’ने जागा सोडली नाही.

संस्कृतात ‘पुरस्’ म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणे. आगरकरांनी समाजसुधारणेचा पुरस्कार केला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी सुधारणेला बक्षीस दिले असे कोणाला वाटत नाही. त्यांनी एक विचार लोकांसमोर आणला आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. शब्दाचा हा जुना अर्थ ध्यानात ठेवला, की भारतातील उद्योग आणि संस्कृती यांच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या व्यवहाराला एक साधा प्रश्न विचारता येतो. या व्यवहारात पुढे कोणाला केले जात होते, आणि मागे कोण उभे राहत होते?

सुरुवातीला पुढे होते देव. मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत कागदी लेबले चिकटवलेली असत. त्यांवर गणपती, लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालाची ओळख पटावी, आणि परक्या गिरणीच्या मालावर घरच्या देवाचा हात राहावा, ही दोन्ही कामे ते लेबल करी. परदेशातून येणाऱ्या आगपेट्यांवरही आपली दैवते होती. कापड दूरच्या देशात विणले जाई आणि लातूरमधला माणूस ते गणपतीछाप म्हणून विकत घेई.

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांनी देशभरातल्या भिंती व्यापल्या. आपल्या मनातली लक्ष्मी अजूनही बरीचशी त्या छापखान्यातली आहे. या चित्रांवर कंपन्यांची नजर जाणे स्वाभाविक होते. विनोलिया साबणाने रविवर्म्याची चित्रे जाहिरातीसाठी वापरली. वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरांवर बाळकृष्ण आला. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीचे औषध विकायला यशोदेच्या मुलाइतका योग्य कोण मिळणार?

हा व्यवहार काही निरागस नव्हता. श्रद्धा वापरून माल खपवणे म्हणजे श्रद्धेचा फायदा घेणेच होते. पण त्या कॅलेंडराची मांडणी पाहावी. मध्ये मोठे चित्र, आणि कंपनीचे नाव खालच्या पट्टीत. वर्ष संपले, की ती पट्टी कापून चित्राची चौकट करता येई. साबण निघून जाई, देव भिंतीवर राही.

या गोष्टीचा एक निकाल अगदी अलीकडे लागला. अगरबत्तीला ‘रामायण’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून मिळावे, असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ साली न्यायालयाने तो नाकारला: धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाला व्यापारी हक्क सांगता येणार नाही. म्हणजे उद्योगाने देवाधर्माचे नाव आपल्या मालाला लावून ते आपलेच म्हणण्याला कायद्याने एक कुंपण घातले. उलट दिशेने, उद्योगाचे नाव देवाला लावण्याबद्दल काय, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. त्याकडे मी पुढे येते.

त्याआधी मराठीतल्या एका उदाहरणापाशी थोडे थांबायला हवे, कारण इतर भाषांतल्या वाचकांना ते बहुधा ठाऊक नसेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, त्यामुळे पहिले नांगर खपायला फार काळ लागला, असे सांगितले जाते. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळरानावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभारली. ती किर्लोस्करवाडी. १९२० साली या कारखान्यातून एक मासिक निघाले. त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, मराठी वाचकांचे शंवाकि. ते स्वतः चित्रकार होते. नांगर, चरक आणि पंप घेणाऱ्या गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कारखान्याची हालहवाल कळावी, एवढाच त्या मासिकाचा मूळ हेतू होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ते कंपनीचे प्रसिद्धिपत्रक होते.

नऊ वर्षांनी, १९२९ मध्ये, नावातली ‘खबर’ गेली आणि ‘किर्लोस्कर’ उरले. तोवर ते कारखान्याचे पत्रक राहिलेच नव्हते. १९३० मध्ये शंवाकिंनी ‘स्त्री’ काढले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. या तीन मासिकांनी दोन-तीन पिढ्यांच्या मराठी मध्यमवर्गाची वाचनाची सवय घडवली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध, गाय हा उपयुक्त पशू आहे असे सांगणाऱ्या लेखासकट, ‘किर्लोस्कर’मध्ये आले. ‘स्त्री’ने बाईच्या शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल, घरातल्या जाचाबद्दल अशा गोष्टी छापल्या, की काही घरांत तो अंक माजघरात लपवून वाचला जाई. माझ्या आजीने लग्नानंतर सासरी वाचलेला पहिला छापील मजकूर पोथी नव्हता. शेजारणीकडून पदराआड आणलेला ‘स्त्री’चा जुना अंक होता. पुढे विद्या बाळ याच ‘स्त्री’च्या संपादक झाल्या आणि तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी निघालेल्या एका पत्रकापासून महाराष्ट्रातल्या स्त्रीवादी नियतकालिकापर्यंतची ही वाट सरळ आहे. फक्त ती आखून कोणी ठेवली नव्हती.

याला परोपकार म्हणायची गरज नाही. ज्यांनी जन्मात नांगर घेतला नसता अशा पुण्या-मुंबईच्या घरांत किर्लोस्कर हे नाव दर महिन्याला जात होते, आणि त्याचा उद्योगाला फायदा झालाच असणार. त्यात जाहिरातीही असत. पण दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, नांगराचे गिऱ्हाईक आणि जुन्या वळणाचा वाचक हे पुष्कळदा एकच माणूस असणार. गाईबद्दलचा तसला लेख छापताना आपला नांगर घेणारा शेतकरी चिडेल, हा हिशेब कोणीही केला असता. तो करूनही लेख छापला गेला. दुसरी गोष्ट नावांची. पहिल्या मासिकाला घराण्याचे नाव होते. पुढच्या दोघांना ते दिले गेले नाही. ‘किर्लोस्कर स्त्री’ असे नाव सहज ठेवता आले असते. ते नुसते ‘स्त्री’ राहिले. वाचकांनी मग आपणहून तिन्हींची पहिली अक्षरे जुळवून ‘किस्त्रीम’ असा शब्द केला. उद्योगाचे नाव त्यात एका अक्षरापुरते आहे, आणि तेही लोकांनी ठेवले म्हणून.

नाव मागे ठेवण्याचे याहून मोठे उदाहरण सगळ्या भारतीय भाषांना माहीत आहे. भारतीय ज्ञानपीठ ही संस्था १९४४ साली साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन यांनी स्थापन केली. सिमेंट, ताग आणि वृत्तपत्रे हे त्या घराण्याचे व्यवसाय. १९६१ मध्ये पुरस्काराची कल्पना पुढे आली आणि १९६५ चा पहिला पुरस्कार मल्याळम कवी जी. शंकर कुरुप यांना मिळाला. मराठीत तो पहिल्यांदा १९७४ साली वि. स. खांडेकरांना मिळाला. आज या पुरस्कारासाठी कोणी ‘जैन पुरस्कार’ म्हणत नाही. पुरस्काराबरोबर दिली जाते ती वाग्देवीची मूर्ती. पैसा देणारा वाग्देवीच्या मागे उभा राहिला.

इथेही माळ घालायची घाई नको. ज्या काळात ही योजना आकार घेत होती, त्याच काळात दालमिया-जैन समूहाच्या कंपन्यांच्या कारभाराची चौकशी सरकारने १९५६ साली नेमलेला आयोग करत होता. प्रतिष्ठा धुऊन घ्यायला साहित्याचे पाणी चांगले, हे तेव्हाच्या उद्योगपतींनाही कळत असणार. तरीही नाव मागे ठेवल्यामुळे काहीतरी साधले. पुरस्काराला स्वतःचे आयुष्य मिळाले. देणाऱ्याच्या अडचणी आणि भांडणे काळाच्या ओघात विसरली गेली. कुरुप, कुवेम्पु, खांडेकर, कुसुमाग्रज या नावांनी ज्ञानपीठाला वजन आले. पुरस्काराने लेखकांना पुढे केले आणि लेखकांनी पुरस्काराला.

हे चित्र बदलले ते दूरदर्शनमुळे, असे मला वाटते. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. भारतातली ती पहिली प्रायोजित मालिका. पाठीशी होती नूडल्स विकणारी कंपनी. ‘या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत’ हे वाक्य त्यानंतर घराघरांत ऐकू येऊ लागले आणि ‘प्रायोजक’ हा शब्द सरकारी परिभाषेतून उठून बोलीत आला. आश्रयदाता, देणगीदार, वर्गणीदार हे त्याचे जुने भाऊबंद. त्या सगळ्यांपेक्षा तो एका बाबतीत वेगळा आहे. देणगीदाराचे नाव कार्यक्रम झाल्यावर आभारात येते. प्रायोजकाचे नाव कार्यक्रमाच्या आधी येते, आणि ते आधी यावे हाच कराराचा विषय असतो. १९८७ चा क्रिकेट विश्वचषक भारत-पाकिस्तानात झाला, तेव्हा त्याचे नावच ‘रिलायन्स कप’ होते.

गणेशोत्सवाचा प्रवास या बदलाचा आरसा आहे. सार्वजनिक गणपती वर्गणीवर चालत आला. मंडळाच्या अहवालात पाच रुपये देणाऱ्याचेही नाव छापलेले असे, आणि तो अहवाल गल्लीतले लोक जमाखर्चासकट बारकाईने वाचत. आज मुंबई-पुण्यात गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकामागून एक जाहिरातींच्या कमानी लागतात. गुटखा, सोने, सदनिका, विमा यांच्या खालून गेल्यावर शेवटी मूर्ती. शब्दशः पुढे कोण आणि मागे कोण, हे तिथे चालता चालता मोजता येते. कमानींमुळे वर्गणीचा जाच कमी झाला, असे कार्यकर्ते सांगतात आणि ते खरे आहे. पण पाच रुपयांच्या वर्गणीदाराला मंडळाच्या बैठकीत उठून हिशेब विचारता येत असे. कमानीखालून जाणाऱ्याला ती सोय नाही.

साहित्यात हाच बदल क्रॉसवर्ड पुरस्काराच्या नावात दिसतो. पुस्तकांच्या दुकानांच्या एका साखळीने तो १९९८ मध्ये सुरू केला. मग तो हच क्रॉसवर्ड झाला, कंपनीचे नाव बदलले तसा व्होडाफोन क्रॉसवर्ड, त्यानंतर इकॉनॉमिस्ट क्रॉसवर्ड, त्यानंतर रेमंड क्रॉसवर्ड. भारतीय भाषांतून इंग्रजीत आलेल्या अनुवादांसाठी त्यात वेगळा विभाग होता, म्हणून आम्हा अनुवादकांना त्याचे अप्रूप. पण एकाच पुरस्काराचे विजेते आपापल्या पुस्तकांच्या मलपृष्ठांवर वेगवेगळी नावे लावतात. कोणाचा पुरस्कार दूरध्वनीचा, कोणाचा सुटाच्या कापडाचा. शंभर वर्षांनी वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्याला हा एकच पुरस्कार होता हे सिद्ध करायला एक तळटीप लागेल.

आणि आता गावांची, चौकांची, देवळांची नावे. गुरुग्राममध्ये २०१३ साली रॅपिड मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकांची नावे होती मायक्रोमॅक्स मौलसरी ॲव्हेन्यू, व्होडाफोन बेलव्हेडेर टॉवर्स, इंडसइंड बँक सायबर सिटी. त्यातली पहिली दोन पुढे नुसती मौलसरी ॲव्हेन्यू आणि बेलव्हेडेर टॉवर्स झाली. बंगळुरूत इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार आहे. मुंबईच्या भुयारी मेट्रोवर २०२५ मध्ये दोन स्थानके सुरू झाली, त्यांची नावे मी पाटीवरून उतरवून घेतली: आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक, आणि निप्पॉन इंडिया म्युच्युअल फंड आचार्य अत्रे चौक.

मेट्रोला तिकिटाखेरीज उत्पन्न हवे असते, आणि ते मिळाले तर तिकीट आटोक्यात राहते, हा युक्तिवाद पोकळ नाही. स्थानकात जाहिराती लावायलाही कोणाची हरकत नाही. रेल्वेच्या फलाटांवर आपण त्या लहानपणापासून वाचत आलो. पण भिंतीवरची जाहिरात आणि नावातली जाहिरात यांत फरक आहे. भिंतीकडे पाठ करता येते. नाव उच्चारल्याशिवाय पत्ता सांगता येत नाही. अगरबत्तीला रामायणाचे नाव राखून ठेवता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. विम्याचे नाव मात्र विघ्नहर्त्याच्या आधी लागते. कॅलेंडरावर पट्टी खाली होती. इथे ती वर गेली आहे, आणि कापता येत नाही.

अत्र्यांचे नाव वाचताना तर कोणाही मराठी माणसाला हसू येईल. ज्या माणसाने ‘मराठा’ दैनिकातून भल्याभल्यांची नावे घेऊन त्यांची साले काढली, ज्याच्या विडंबनांना कवी घाबरत, त्याच्या नावाआधी म्युच्युअल फंड. त्यांनी यावर अग्रलेख कसा लिहिला असता याची कल्पना करण्यात एक संध्याकाळ चांगली जाते. पण हसून झाल्यावर प्रश्न उरतो. तो चौक लोकांनी अत्र्यांच्या नावाने ओळखला, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी काही केले होते. ते नाव कमावलेले होते. त्याच्या पुढे बसलेले नाव भाड्याचे आहे.

दुसऱ्याबद्दल एवढे लिहिल्यावर स्वतःबद्दल सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका साहित्य महोत्सवात अनुवादावरच्या चर्चासत्राचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते. सत्राच्या नावाआधी एका बांधकाम कंपनीचे नाव होते. मंचावर जाण्याआधी एका मुलीने माझ्या हातात छापील कार्ड दिले आणि नम्रपणे सांगितले, ‘मॅडम, हे नाव सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घ्यायचे आहे. मध्ये विसरू नका हं, तिथे बरेच जण विसरतात.’ आमच्या सत्रात एक कोकणी कवयित्री आणि दोन अनुवादक होते. कोणालाही मानधन नव्हते. प्रवासखर्च नंतर मिळणार होता. मी ते नाव तिन्ही वेळा घेतले. मध्ये कवयित्री आपल्या आईच्या भाषेबद्दल बोलत होती, तिला थांबवून घेतले. घरी आल्यावर लक्षात आले, की तिच्या संग्रहाचे नाव मी एकदाच घेतले होते.

म्हणूनच २०२४ च्या नोव्हेंबरात जेव्हा जेसीबी साहित्य पुरस्काराविरुद्ध शंभरहून अधिक लेखक-अनुवादकांचे खुले पत्र आले, तेव्हा मला ते दुरून वाचता आले नाही. हा पुरस्कार २०१८ मध्ये सुरू झाला. रक्कम पंचवीस लाख, देशातल्या सगळ्यांत मोठ्या रकमांपैकी एक; अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाला वेगळी रक्कम. सात वर्षांतल्या सात विजेत्या कादंबऱ्यांपैकी पाच अनुवादित होत्या: मल्याळममधून तीन, उर्दूतून एक, तमिळमधून एक. अनुवादकाचे नाव लेखकाच्या शेजारी घेणारा, त्याला खरोखरचे पैसे देणारा असा पुरस्कार आपल्याकडे नव्हता. पत्रात म्हटले होते, की ज्या कंपनीची यंत्रे भारतात आणि पॅलेस्टाइनमध्ये गोरगरिबांची घरे पाडायला वापरली जातात, तिने वैविध्याचा गौरव करणारा साहित्य पुरस्कार द्यावा हा दांभिकपणा आहे. यंत्र विकल्यावर ते कोण कसे वापरतो याला बनवणारा किती जबाबदार, असा उलट प्रश्नही विचारला गेला. माझ्या ओळखीच्या अनुवादकांत दोन तट पडले, आणि दोन्हींकडची माणसे प्रामाणिक होती. २०२४ नंतर तो पुरस्कार दिला गेला नाही.

साहित्यात हा वाद नवा नाही. बुकर हे नावही मुळात एका कंपनीचे, कॅरिबियन बेटांच्या परिसरात उसाच्या मळ्यांवर मोठी झालेली. १९७२ साली जॉन बर्जर यांनी बुकर स्वीकारताना त्या मळ्यांतल्या शोषणाचा इतिहास मंचावरून सांगितला आणि निम्मी रक्कम लंडनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीला दिली. त्यांनी पैसा घेतला, नावाचा अर्थ मात्र स्वतः सांगितला.

जेसीबीच्या बाबतीत तो अर्थ सांगायला कोणा लेखकाची गरजच पडली नाही, आणि इथे मला भाषेचे काम दिसते. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाची आद्याक्षरे. कंपनी १९४५ ची, भारतात १९७९ पासून. पण मराठीत, आणि बहुतेक भारतीय भाषांत, जेसीबी हे आता सामान्यनाम आहे. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, विहिरीला जेसीबी लावतात, अतिक्रमणावर जेसीबी फिरतो, पुढाऱ्यावर जेसीबीतून फुले उधळतात. हा अर्थ कंपनीने ठरवलेला नाही. ज्यांच्या शेतात ते यंत्र आले आणि ज्यांच्या घरावर आले, त्या दोघांनी मिळून तो घडवला. पुरस्काराच्या मंचावर ते नाव साहित्याच्या पुढे ठेवले गेले तेव्हा हे सगळे अर्थही त्याच्याबरोबर मंचावर चढले.

असेच आधी डालड्याचे झाले होते. १९३७ मध्ये बाजारात आलेले ते नाव. खऱ्या तुपाच्या जागी आलेल्या सगळ्याच वनस्पती तुपाला लोक डालडा म्हणू लागले, आणि पुढे कोणत्याही नकली गोष्टीला. एवढेच नव्हे, तर रिकाम्या डब्यात माती भरून लोकांनी तुळस लावली. माझ्या आजोळी ती होती. डब्यावरचे ताडाचे झाड गंजून गेले होते, आणि आजी रोज त्या डब्याला प्रदक्षिणा घाली. कंपनीला जाहिरात करूनही ही जागा मिळवता आली नसती, आणि मिळाली तेव्हा तिला त्यावर काही हक्क सांगता आला नाही.

मला वाटते, भेद इथे आहे. उद्योगांची नावे आपल्या भाषेत, घरात, वाङ्मयात आधीपासून आहेत, आणि ती राहणार. किर्लोस्कर हे नाव मासिकाने केलेल्या कामातून आले; डालडा आणि जेसीबी लोकांच्या वापरातून. त्या नावांना अर्थ मिळाला तो देवाणघेवाणीत, आणि त्यात लोकांना नाही म्हणायची, हसायची, नावे ठेवायची मुभा होती. विकत घेतलेल्या उपसर्गाला असा अर्थ नसतो. त्याला फक्त उच्चार हवा असतो, आणि उच्चार आपला.

सध्या मी एका तरुण मराठी लेखिकेच्या कथांचा हिंदी अनुवाद करते आहे. एका कथेत धुणीभांडी करणारी बाई पहाटे मेट्रोने वरळीला जाते. लेखिकेने स्थानकाचे पूर्ण, पाटीवरचे नाव लिहिले आहे, कारण कथेतल्या त्या परिच्छेदात निवेदक पाट्या वाचतो आहे. ते मी तसेच ठेवले. ती पाटी हाही आता इतिहास आहे, आणि अनुवादकाने पुरावा झाकू नये. पुढच्या ओळीत मात्र ती बाई शेजारच्या प्रवाशाला विचारते, ‘अत्रे चौक आला काय हो?’ तिला घाई आहे, तिकीट तिच्या पैशाचे आहे, आणि कोणतेही कार्ड तिच्या हातात दिलेले नाही. त्या ओळीत मी दोनच शब्दांचे नाव ठेवले, आणि प्रकाशकाच्या संपादकाने नावे एकसारखी करायला सांगितली तेव्हा मी पहिल्यांदाच, सौम्यपणे, नाही म्हणाले.